सूचना : सामायिक प्रथिन प्रयोगशाळेत वेळ मागणाऱ्यांसाठी

मित्रमैत्रिणींनो,

सामायिक प्रथिन प्रयोगशाळेत पाहुणे संशोधक म्हणून ज्यांना काम करायचंय, त्यांनी अर्जाचा मसुदा येत्या शुक्रवारपर्यंत गटात टाकावा. शनिवारी दुपारी ४ वाजता अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये बसून सगळे मिळून वाचू. गाईडची सही आधीच घेऊन ठेवा.

‘प्रथिनाचा अभ्यास करायचा आहे’ एवढं लिहून वेळ मिळत नाही. नेमका प्रश्न, यंत्र आणि लागणारे दिवस लिहा.

– एसडीएस-पेज जेलचा (प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करणारी चाचणी) ताजा फोटो जोडा. स्फटिकं करायची असतील तर शुद्धता ९५ टक्क्यांच्या आसपास हवी. एकच ठळक पट्टी दिसली पाहिजे.
– सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, म्हणजे प्रकाशाच्या शोषणावरून प्रथिनाची घडण तपासणं) मोजणार असाल तर ट्रिस बफर आणि मीठ टाळून पातळ फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घ्या. मिठातलं क्लोराइड २०० नॅनोमीटरखालचा प्रकाश शोषतं आणि आलेख नेमका तिथेच बिघडतो.
– नमुना छोट्या नळ्यांत वाटून गोठवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका.

नमुने नेताना आपल्या उन्हाचा विचार करा. गेल्या मे महिन्यात माझ्या थर्माकोलच्या डब्यातला कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वाटेतच वायू होऊन उडून गेला, तीन महिन्यांची मेहनत गेली. बर्फ जास्तच भरा, पण झाकण हवाबंद करू नका. आत वायू साठून डबा फुटू शकतो.

पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांनी संकोच न करता विचारा.