श्रीलंका ट्रिपला येणाऱ्यांसाठी सूचना, नक्की वाचा

मंडळी, निघायच्या आधी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. सिगिरियाला, म्हणजे उंच खडकावरच्या जुन्या किल्ल्याला, आपण गेट उघडायच्या वेळीच पोचायचंय, कारण जवळपास 1200 पायऱ्या आहेत आणि उन्हात तो खडक असा तापतो की कठड्याला हात लावून चढणं पण जड जातं, गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी आत्ताच सांगा, अर्ध्यावर सिंहाच्या दगडी पंजांपर्यंत आलात तरी पुष्कळ बघून होतं. वाटेत कश्यप राजाच्या काळातली, म्हणजे 5व्या शतकातली, भिंतीवरची चित्रं लागतात, तिथे फोटोला बंदी आहे, मोबाईल खिशातच ठेवा प्लीज. वर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, आरडाओरडा नको.

दांबुल्ल्याच्या लेण्या, कँडीचं दंतमंदिर (जिथे बुद्धाचा दात ठेवलाय) आणि अनुराधापूर, तिन्हीकडे खांदे-गुडघे झाकलेले कपडे हवेत, पांढरे असतील तर उत्तमच. अनुराधापूरचा बोधिवृक्ष संघमित्रेने, आपल्या सम्राट अशोकाच्या मुलीने, बोधगयेहून आणलेल्या फांदीपासून वाढलाय, तिथे जरा शांत बसूया, घाई नको. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात काढू नका, तिकडे तो अपमान समजतात.

टोपी, पाण्याची बाटली विसरू नका.