रविवारी मी ऑफिसात नव्हते

ठाणे,
बुधवार, २२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आण्णा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर आण्णा "बरं बरं" म्हणून तुझ्या हातात देतात, आणि तुझा आवाज कापरा झाला की मला पुढचं सुचत नाही. म्हणून लिहितेय. आई, आण्णांना मोठ्याने वाचून दाखव. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच, मग काय ते बोल.

सोमवारी तू सांगितलंस की आण्णांची मागच्या दाराची पायरी चुकली, गुडघ्याला खरचटलं. "हळद लावलीय, काही नाही" म्हणालीस आणि लगेच तिळाच्या वड्यांवर गेलीस. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच सोमवारी आण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ते पुढे ढकलायला मी लावलं. रविवारी ऑफिसचं ट्रेनिंग आहे, रजा मिळत नाही, असं सांगून. ते खोटं होतं. रविवारी मी मुंबई मॅरेथॉन पळाले. अर्धी नाही, पूर्ण. ४२ किलोमीटर १९५ मीटर.

मी धडधाकट आहे. जिना उतरताना मांड्या दुखतात, तेही कालपेक्षा आज कमी.

तारीख बदलण्याआधी मी डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं. मोतीबिंदूला पंधरा दिवसांनी काही फरक पडत नाही, असं ते स्वतः म्हणाले. मग मॅरेथॉनची तारीख तर बदलता येत नाही, जानेवारीचा तिसरा रविवार ठरलेला, नाव कितीतरी आधीच दिलेलं, आठ महिने तयारी केलेली. हे सगळं मनाशी शंभरदा म्हणून झालंय. तरी आण्णा, अंधुक दिसत असताना तुम्ही त्या पायरीवर एकटे होतात, आणि तेव्हा मी इथे बादलीत मीठ घालून पाय शेकत बसले होते. ते काही जात नाही डोळ्यांसमोरून.

लपवलं का, तेही सांगते. नानांचं झालं तेव्हापासून आपल्या घरात कुणी जिना भरभर चढला तरी आई दारात येते. पेपरात कुणी पळताना कोसळल्याची बातमी आली की आण्णा ते पान माझ्यासाठी घडी करून ठेवतात. यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉनची पोरं पळतात तेव्हा "कशाला जीव काढतात" म्हणता. मी सांगितलं असतं तर जानेवारीपर्यंत तुम्ही दोघंही झोपला नसतात. असं मला वाटलं. आता वाटतं, तुमच्या काळजीला मी भ्याले.

तीन वर्षांपूर्वी माझी साखर काठावर आली होती. तेही तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, चाला. उपवन तळ्याला फेऱ्या मारता मारता तिथल्या रनिंग ग्रुपमधल्या एक बाई रोज हात करायच्या. एक दिवस म्हणाल्या, "आमच्यामागून या, वाटेल तेव्हा चाला." त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत. ग्रुपमध्ये बँकेतले आहेत, रिक्षा चालवणारे एक काका आहेत, दोन शिक्षिका आहेत. कुणाला बक्षीस मिळवायचं नाही. आठवड्यातून चार दिवस पळायचं, रविवारी लाँग रन, एक दिवस येऊरच्या चढावर, आणि कुणी आलं नाही की संध्याकाळी त्याला फोन. पहिल्या वर्षी दहा किलोमीटर, दुसऱ्या वर्षी एकवीस, मग हे. साखर आता काठाच्या बरीच आत आहे. जूनमध्ये टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट, दोन्ही हृदयाच्या तपासण्या, करून घेतल्या. रिपोर्ट घेऊन येते, आण्णा, तुम्ही स्वतः बघा. बत्तीस वर्षं तुम्ही डेपोतून निघण्याआधी टायरला काठी मारून बघायचात, तसंच हे.

खरं तर मी पळाले ते सगळं तुमचंच. लहानपणी सुट्टीत तुमच्या केबिनमध्ये, गरम बॉनेटवर गोधडीची घडी टाकून बसायचे. खंबाटकी आली की तुम्ही म्हणायचात, "गाडी धापा टाकायला लागल्यावर गिअर बदलतो तो ड्रायव्हर कच्चा. चढ दिसला की आधीच खालचा." आमच्या कोचने तीन महिने घसा कोरडा करून हेच सांगितलं. पहिले वीस किलोमीटर जोर येतो, सगळे पुढे जाताना दिसतात, तेव्हा जो स्वतःला धरून ठेवतो तो घरी नीट पोचतो. आणि गंमत ऐका. ठरावीक वेळेत पोचवणारा एक अनुभवी माणूस पाठीवर झेंडा लावून पळतो, त्याला पेसर म्हणतात, आणि त्याच्यामागे चालणाऱ्या घोळक्याला सगळे 'बस'च म्हणतात. मी साडेपाच तासांच्या बसमध्ये होते.

पहाटे मॅरेथॉनसाठी खास लोकल सोडतात. रात्रीच्या त्या वेळेला अख्खा डबा भरलेला, प्रत्येकाच्या छातीवर नंबर, आणि डब्यात आयोडेक्सचा वास. डोळे मिटले तर आपलं माजघर, आण्णा ड्युटीवरून आलेत आणि आई पाय चोळून देतेय. पाच वाजता सीएसएमटीसमोरून निघालो. एवढी माणसं, आणि पहिली पाच मिनिटं बोलणं जवळजवळ नाहीच, नुसता बुटांचा आवाज. रस्त्यावर वारकऱ्यांच्या पावलांचा येतो ना पहाटे, तसा.

सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, त्या दिवशी येतं. आम्ही वर असताना उजाडत होतं. खाली पाणी, वारा, मागे वरळीचे दिवे अजून चालू. तिथे मी एक मिनिट चालले. दम लागला म्हणून नाही, बघायचं होतं म्हणून. आई, तुला हाजीअलीच्या समुद्राची भीती वाटली होती दादाच्या लग्नाच्या वेळी, आठवतं? तोच समुद्र.

माहीम, शिवाजी पार्क छान गेलं. लहान पोरं हात पुढे करून उभी, टाळी द्यायची. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दिशेला हात जोडले, तुझं नाव घेतलं. पण बत्तिसाव्या किलोमीटरला ऊन वर आलं आणि पाय माझे राहिले नाहीत. अंगात साठवलेली साखर तीस किलोमीटरच्या पुढे संपत येते, पळणारे त्याला वॉल म्हणतात. डाव्या पोटरीत गोळा आला. बस पुढे गेली, तिचा झेंडा लहान होत होत दिसेनासा झाला. घाबरू नका, वाटेत जागोजागी डॉक्टर आणि अँब्युलन्स असतात. मी स्वतः तंबूत गेले, त्यांनी पोटरी ताणून दिली, नाडी बघितली, मीठ-साखरेचं पाणी दिलं. नुसतं पाणी ढसाढसा प्यायचं नाही, रक्तातलं मीठ कमी होतं, हे मी आधीच शिकले होते.

आणि पेडर रोडचा चढ. पहाटे अंधारात तो कळलाही नव्हता. परत येताना, छत्तीस-सदतीस किलोमीटर झाल्यावर, तो चढ म्हणजे खंबाटकी. लोक थांबत होते, कठड्याला धरून उभे होते. मी खालच्या गिअरमध्ये गेले, आण्णा. दोन खांब पळायचे, एक खांब चालायचा. तेवढ्यात कमरेच्या पाऊचमधला फोन वाजला. दहा वाजून गेले होते, तुझी पूजा झाली असणार. काढून बघितला, "आई" दिसलं, आणि मी उचलला नाही. धापा ऐकू गेल्या असत्या. परत पाऊचमध्ये ठेवला, तो पोटाशी वाजत राहिला, आणि मी पळत राहिले. हे लिहिताना आत्ताही हात थांबतोय.

पुढे एका इमारतीच्या फाटकाशी एक आजोबा-आजी स्टूल टाकून बसले होते. आजींच्या मांडीवर स्टीलचं ताट, त्यात संत्र्याच्या फोडी, वर मीठ भुरभुरलेलं. आजोबा प्रत्येकाच्या छातीवरचं नाव डोळे बारीक करून वाचायचा प्रयत्न करत होते आणि नावाने हाक मारत होते. माझं त्यांना वाचता येईना. आजींनी वाचून सांगितलं. मग त्यांनी माझं नाव घेतलं, "शाब्बास, आता उतारच आहे" म्हणाले. त्या फोडीचं बी मी फेकलं नाही, खूप वेळ तोंडात होतं. तुम्ही दोघं तिथे असायला हवा होतात. मी तुम्हाला येऊ दिलं नाही, कारण मी सांगितलंच नाही.

पाच तास एकेचाळीस मिनिटं लागली. शेवटच्या वळणावर ग्रुपमधल्या त्या एकसष्टीच्या बाई माझी वाट बघत परत मागे आल्या होत्या. मेडल गळ्यात पडलं आणि मी तुला फोन केला, "ट्रेनिंग चालू होतं गं." तू म्हणालीस, "जेवलीस का?"

आता जे ठरवलंय ते. पुढच्या वर्षीही मी पळणार आहे. रागावू नका. पुन्हा सगळ्या तपासण्या करून, डॉक्टर हो म्हणाले तरच. आण्णा, २०१६च्या १५ ऑगस्टला संध्याकाळी तुम्ही टीव्हीसमोरून उठला नव्हतात. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये पळत होती. दहावी आली, तरी तुम्ही पेढे आणलेत. तीसुद्धा याच मुंबईच्या रस्त्यावर भारतीय बायकांमध्ये पहिली आलेली. तिची आणि माझी बरोबरी नाही, मला ठाऊक आहे. पण पेढे आणणारा बाप माझा आहे, एवढं मी विसरले होते. आणि या घरात यापुढे मी काही लपवणार नाही. तुम्हीही पायरी चुकल्याचं त्याच दिवशी सांगायचं, दुसऱ्या दिवशी नाही.

आता नीट ऐका. शनिवारी १ तारखेला सकाळच्या गाडीने मी येतेय, १६ तारखेपर्यंत राहणार. रजा मंजूर झालीय, खरोखरची. आई, मंगळवारी ४ तारखेला ऑपरेशन आणि त्याच दिवशी रथसप्तमी, म्हणून हळदीकुंकू रविवारीच उरकून घेऊ. वाण मी इथून आणते, तू तुळशीबागेत कुणाला पाठवू नकोस. तोवर आण्णांनी मागच्या दाराने जायचं नाही. दादाला सांगून त्या पायरीच्या कडेला पांढरा पट्टा मारून घे आणि बाहेर मोठा बल्ब लाव. बी.पी.ची गोळी ऑपरेशनच्या सकाळी घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेव. नंतर वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून अंघोळ नाही. फोडणीच्या वेळी आण्णा स्वयंपाकघरात नकोत. थेंब मी घालीन, वेळेचा तक्ता करून आणतेय. तुझी गुडघ्याची पट्टी जुनी झालीय, नवी घेतलीय. आण्णांसाठी कानटोपी आणि काळा चष्माही.

आणि जोवर मी आहे तोवर संध्याकाळी आपण तिघं चालायला जाऊ. गल्लीच्या तोंडापर्यंतच. आण्णांना मी हाताला धरीन, जशी तुम्ही मला डेपोत धरायचात, बोटाला नाही, मनगटाला.

मेडल येताना आणते. त्याच्यावर बारीक अक्षरं आहेत, आण्णा. पट्टी काढली की ती तुम्ही वाचून दाखवायची, मोठ्याने.

तुमची,
बबी