दिवाळीपूर्वीची दुकानदारी: मित्रास पत्र

म्हापसा, गोवा
भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गणेशचवथीच्या ऐन गडबडीत हाती आले, त्यामुळे उत्तरास उशीर झाला, याबद्दल क्षमस्व. फोंड्यातील तुझ्या नव्या दुकानाला पहिलीच चवथ चांगली गेली, हे वाचून मनापासून आनंद झाला. आता दिवाळीसाठी ‘सगळ्या मालावर दहा टक्के सूट’ असा फलक लावावा का, असे तू विचारले आहेस. माझे मत स्पष्ट आहे: लावू नकोस. घरगुती मालात दहा टक्के सोडले की नफ्याचा मोठा वाटा जातो, आणि दिवाळीचे फोव, म्हणजे पोहे, घ्यायला निघालेली गृहिणी सूट नाही म्हणून फोवांवाचून परत जात नाही. तिला खात्रीचा माल, पुरेसा आणि वेळेत हवा असतो. आपल्यासारख्या लहान दुकानदाराने आपली सगळी मेहनत त्या ‘वेळेत’ या एका शब्दावर खर्च करावी, असे मला नऊ वर्षांच्या धंद्यानंतर वाटते.

आपल्याकडे खरिपाच्या भातशेतीला ‘सरद’ म्हणतात. ते पीक कापणीला येते त्याच सुमारास सणांची रांग लागते: नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी, तुळशीचे लग्न, त्रिपुरारी पौर्णिमा. या प्रत्येक दिवशी घरात काहीतरी ठरलेले करावेच लागते, आणि त्यासाठी लागणारी एखादी वस्तू हमखास ऐनवेळी मिळत नाही. ती वस्तू कोणती, हे ज्याला आधी कळते, त्याला जाहिरातीवर फार खर्च करावा लागत नाही.

नरकचतुर्दशीचेच घे. पहाटे नरकासुराचा पुतळा जाळून झाला की अभ्यंगस्नान, मग तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि त्यानंतर फोवांचे ताट: रोसातले (नारळाच्या गोड रसातले), दुधातले, ताकातले, तिखट, आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. फोव सगळेच विकतात. कारीट मात्र पावसाळ्यात गावच्या कुंपणावर वाढणारे रानटी फळ, ते पर्वरीच्या किंवा पणजीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने कुठून आणावे? दोन वर्षांपूर्वी मी गावातून टोपलीभर कारिटे आणवली आणि एक किलो फोव घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत दोन दोन घातली. पर्वरीहून आलेल्या एका आजींनी पिशवीतून कारीट काढले, बोटांनी दाबून पाहिले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, “आतां नातवाक दाखोवंक मेळटलें.” त्या दिवाळीला त्यांच्या इमारतीतून आणखी सहा घरांची मागणी आली. कारिटांना मला आणणाऱ्या मुलांच्या खाऊपलीकडे काही खर्च आला नव्हता. दहा टक्के सुटीने हे घडले नसते, असे मी खात्रीने सांगतो.

तू फोवांचा जुडगा तयार कर. जाड गावठी लाल फोव, काळे वाटाणे, गूळ, वेलची आणि वर दोन कारिटे, असे एका कुटुंबाला पुरेल इतके एकत्र बांध. नावनोंदणी दसऱ्यालाच सुरू कर आणि थोडी आगाऊ रक्कम घे. आगाऊ रक्कम मागायला आपल्याकडे संकोच वाटतो, हे मी जाणतो. पण तीमुळे किती फोव कांडून घ्यायचे हे आधी कळते आणि दिवाळीनंतर पोती शिल्लक राहत नाहीत. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी नवी मागणी मुळीच घेऊ नकोस. त्या संध्याकाळी सगळे रस्ते नरकासुरांच्या मंडळांनी भरलेले असतात, आणि घरपोच देण्याचा शब्द पाळता आला नाही तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

वेळ चुकण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. एका वर्षी पाचशे पत्रके छापायला दिली होती; छापखान्याने ती दसऱ्याऐवजी दिवाळीच्या आदल्या दिवशी दिली. रद्दीत जाणारी ती पत्रके पाहून मला फार वाईट वाटले. तेव्हापासून पितृपक्षात, म्हणजे म्हाळाच्या दिवसांत, मी छपाईची आणि पिशव्यांची कामे संपवतो. या पंधरवड्यात लोक नवी खरेदी टाळतात आणि दुकान शांत असते. तूही याच आठवड्यात लेबले छापून घे. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तुझे नाव-पत्ता आणि अन्नपरवान्याचा क्रमांक त्यावर असलाच पाहिजे.

निरोप पाठवण्यासाठी व्हॉट्सॲप पुरेसे आहे, मात्र एक गोष्ट ध्यानात ठेव. ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांनी तुझा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोचतो. म्हणून पैसे देताना प्रत्येकाला नम्रपणे क्रमांक साठवायला सांग. संदेश तीनच पाठव: दसऱ्याला नोंदणीचा, दिवाळीच्या आठ दिवस आधी आठवणीचा, आणि माल तयार झाल्याचा. रोज शुभेच्छांची चित्रे पाठवणाऱ्याचा आवाज लोक बंद करून टाकतात.

दिवाळी झाली की दुकान आवरते घेऊ नकोस, कारण तुळशीचे लग्न ही आपली व्हडली दिवाळी पुढे असते. ऊस, दिंड्याच्या काठ्या, आवळ्याची आणि चिंचेची फांदी, झेंडूची फुले हे सगळे शहरात एका ठिकाणी मिळणे कठीण. त्याची जुडी बांधून सकाळीच घरपोच दे. यात नफा थोडा आहे, पण ज्याच्या अंगणात तू तुळशीचे लग्न वेळेवर उभे केलेस तो वर्षभर तुझ्याकडूनच नारळ घेईल. ख्रिस्ती शेजाऱ्यांसाठी २ नोव्हेंबरला फुले आणि मेणबत्त्या ठेव. ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताची (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाची) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते. तोवर खाजे, ही फेस्तातली मिठाई, भरपूर तयार असू दे.

पर्यटकांविषयी थोडेच लिहितो. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की फोंड्याची देवळे पाहायला येणारे दुकानासमोरून जातील. त्यांना फोवांचे महत्त्व समजावत बसू नकोस. बॅगेत मावेल असे काजू, आमसुले आणि बेबिंक (थरांचा गोवन केक) यांची लहान पाकिटे वेगळ्या फळीवर मांड. ऑक्टोबरच्या उकाड्यात कोकमाचे थंड सरबत पेलाभर दिलेस तर आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली आपोआप विकली जाते. बेबिंकला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण नोंदणीकृत वापरकर्ता झाल्याशिवाय त्याची खूण स्वतःच्या पाकिटावर छापू नकोस.

शुक्रवारी इथला बाजार असल्यामुळे मला दुकान सोडता येणार नाही. शनिवारी सकाळच्या बसने फोंड्याला येतो. तोवर तू दोन-तीन कांडपवाल्यांकडून फोवांचे नमुने आणवून ठेव. आपण ते रोसात भिजवून चाखून पाहू आणि कोणाचे घ्यायचे ते तिथेच ठरवू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र