एप्रिलअखेर या, ऑगस्टमध्ये नको

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तिकिटे कुठल्या महिन्याची काढू असे तुम्ही परवा विचारलेत. फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. इथे इंग्लंडमध्ये पाखरे बघायची असतील तर एप्रिलचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा, हे सहा आठवडे धरा. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते, हवा उबदार असते, म्हणून बहुतेकांचे आई-वडील तेव्हाच येतात. पण पाखरांच्या दृष्टीने तोच सगळ्यात रिता काळ. पक्षी गातो तो जागेवरचा हक्क सांगायला आणि जोडीदार मिळवायला. विणीचा हंगाम सरला की दोन्ही कामे संपतात, पिसे झडून नवी यायला लागतात, उडणे जड जाते आणि पक्षी झुडपात दडून राहतात. कुक्कू तर जून संपता संपता आफ्रिकेच्या वाटेला लागलेला असतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाकोळ्याही जातात.

हिवाळ्याचेही वेगळे वैभव आहे. सोलापूरकडे ज्वारीच्या दिवसांत भोरड्यांचे थवे येतात ना, तसे इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी स्टारलिंगचे थवे आभाळात वळतात. ते भोरड्यांचेच नातलग, आणि संख्या लाखांच्या घरात. पण डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि चिखलात तासभर उभे राहावे लागते. पहिल्या खेपेला ते नको.

जायचे आहे ते सॉमरसेटमधल्या ग्लॅस्टनबरीजवळच्या पाणथळ भागात. रस्त्याच्या एका अंगाला हॅम वॉल, दुसऱ्या अंगाला शॅपविक हीथ. पूर्वी इथून पीट, म्हणजे जळणाची आणि बागेची काळी माती, खणून नेत. उरलेल्या खड्ड्यांत पाणी सोडून बोरू वाढवला आणि पाखरे आली. मधून जुन्या रेल्वेमार्गाची वाट जाते. ही गाडी १९६६ साली बंद झाली, रूळ निघाले आणि भराव तेवढा राहिला. त्यामुळे वाट सपाट, सरळ आणि कोरडी आहे, मध्ये बाकडीही आहेत. आईच्या गुडघ्यांसाठी मी हीच जागा निवडली. इथल्या शेतांतून जाणाऱ्या पायवाटा सुंदर असतात, पण त्यांवर कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात आणि त्या गुडघ्यांना नकोशा होतात. तिकडे नंतर बघू.

पहिल्या तासात तुम्हाला परके वाटणार नाही. चांदवा, पाणकोंबडी, टिबुकली, राखी बगळा, मोठा पाणकावळा, छोटा खंड्या, सगळे आपल्याकडचेच पक्षी. नांगरामागे चालणारा गायबगळाही दिसेल, तो आपल्या गायबगळ्याचा पश्चिमेकडचा भाऊ. आपल्याकडच्याचे विणीच्या दिवसांत डोके आणि मान अख्खी केशरी होते, इथल्याचा फक्त माथा, छाती आणि पाठ. हा फरक आई सगळ्यात आधी टिपेल याची मला खात्री आहे. गंमत म्हणजे बगळे इकडे नवीन आहेत. छोट्या बगळ्याने ब्रिटनमध्ये पहिल्यांदा अंडी घातली १९९६ साली, डॉर्सेटमधल्या ब्राउनसी बेटावर. गायबगळ्याने २००८ साली सॉमरसेटमध्ये आणि मोठ्या बगळ्याने २०१२ साली इथेच, शॅपविक हीथवर. म्हणून पांढरा बगळा दिसताच शेजारचा माणूस हरखून दुर्बीण लावू लागला तर नवल वाटून घेऊ नका.

आता खरा यजमान, बिटर्न. याच्या छोट्या भाऊबंदांना आपण तपस्वी म्हणतो. इथला कोंबडीपेक्षा मोठा, वाळल्या बोरूच्या रंगाचा, अंगावर उभ्या काळ्या-तपकिरी रेघा. धोका वाटला की चोच आभाळाकडे करून ताठ उभा राहतो आणि बोरूत दिसेनासा होतो. नर वसंतात जो आवाज काढतो त्याला इथे बूम म्हणतात. रिकाम्या रांजणाच्या तोंडाशी हुंकार भरावा तसा तो असतो. आधी दोन-तीन वेळा घशातल्या घशात खाकरल्यासारखे, तेव्हा तो अन्ननलिकेत हवा भरून घेत असतो. मग एकामागून एक तीन-चार घुमारे. शांत हवेत आवाज चार-पाच किलोमीटरवर जातो. प्रत्येक नराचा आवाज थोडा निराळा असतो, त्यावरूनच त्यांची मोजणी होते. १९९७ साली साऱ्या ब्रिटनमध्ये घुमणारे नर उरले होते फक्त ११. आज दोनशेहून जास्त आहेत, आणि ते असे बोरू पुन्हा उभे केल्यामुळे.

बाबा, हे मी मुद्दाम लांबवून सांगते आहे. वय वाढते तसे कानाला आधी बारीक, उंच आवाज ऐकू यायचे थांबतात. गोल्डक्रेस्ट नावाचा चिमुकला पक्षी सूचिपर्णी झाडात बारीक सुरात गातो, तो साठी उलटलेल्या अनेकांना ऐकूच येत नाही. तो नाही ऐकू आला तर वाईट वाटून घेऊ नका. बिटर्नचा आवाज अगदी खर्जातला, तो तुम्हाला नक्की ऐकू येईल. श्रवणयंत्र घरी ठेवून येऊ नका मात्र. वारा असेल तर कानाच्या वर टोपी ओढून घ्यायची, म्हणजे यंत्रात वाऱ्याची घरघर येत नाही.

बिटर्न दिसायचा असेल तर मेचा उत्तरार्ध बरा. पिल्ले झाली की मादी बोरूवरून ये-जा करते. एका जागी बसून समोरच्या बोरूच्या वरच्या कडेवर नजर ठेवायची, किमान चाळीस मिनिटे. लोक दहा मिनिटांत उठतात आणि पुढच्या आडोशाला जातात, म्हणून त्यांना दिसत नाही. आडोसा म्हणजे हाइड, समोर फटी असलेली लाकडी खोली. आत हळू बोलायचे, दार आपटू द्यायचे नाही आणि फटीतून हात बाहेर काढून दाखवायचे नाही. हात दिसला की बदके उठतात. त्याऐवजी घड्याळ सांगायचे: ‘सरळ समोर बारा, तर तो दोनच्या ठिकाणी, पडलेल्या झाडाच्या डावीकडे.’

मेच्या पहिल्या पंधरवड्यात हॉबी येतात. पाकोळीसारख्या लांब, वाकड्या पंखांचा छोटा ससाणा, मांड्यांवर विटकरी चड्डी घातल्यासारखा रंग. आफ्रिकेतून आल्यावर इथल्या चतुरांवर ते तुटून पडतात, एका वेळी दहा-वीसही दिसतात. चतुर पायाने पकडायचा, उडता उडताच चोचीशी न्यायचा, पंख तोडून टाकायचे आणि खायचा. चतुरांना ऊब लागते, म्हणून हॉबीसाठी पहाटे उठायची गरज नाही, दहा-अकराला गेले तरी चालते. हवा थोडी ढगाळ, गार असेल तर ते पाण्यालगत उडतात. कडक ऊन पडले की उंच जातात आणि ठिपक्याएवढे होतात.

कुक्कूचा आवाज ओळखायला सांगायला नको, तो स्वतःचे नावच घेतो. आपल्या पावशाच्याच कुळातला. ‘कुक्-कू’ म्हणतो तो फक्त नर, मादीचा आवाज पाणी बुडबुडल्यासारखा. इथे ती बोरूतल्या वटवट्याच्या घरट्यात अंडे घालते. मादी दुपारी येते, घरट्यातले एक अंडे उचलते, आपले घालते आणि निघून जाते, सगळे मिळून दहा-पंधरा सेकंदांत. आपली कोकिळा कावळ्याला फसवते तेच, पण हा वटवट्या चिमणीहूनही लहान.

पहाटेचे गाणे मात्र एकदा तरी ऐकाच. मेच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचला उगवतो आणि गाणे चारच्या सुमारास, अंधारातच सुरू होते. आधी ब्लॅकबर्ड, रॉबिन आणि साँग थ्रश. मग रेन. उजाडल्यावर टिट आणि फिंच. ब्लॅकबर्ड हा आपल्या सह्याद्रीतल्या कस्तुराचा भाऊ, सावकाश, गोल, बासरीसारखे सूर. साँग थ्रश प्रत्येक तुकडा दोन-तीनदा म्हणतो आणि मगच पुढे जातो, तेवढ्यावरून तो ओळखायचा. यासाठी गाडी काढायची नाही. मागचे दार उघडून, शाल घेऊन पायरीवर बसायचे. नाहीच जमले उठायला, तर ब्लॅकबर्ड संध्याकाळीही धुराड्यावर बसून गातो, आणि मेअखेरीला नऊनंतरही उजेड असतो.

मर्लिन नावाचे ॲप फोनवर घेऊन ठेवा, निघण्यापूर्वी त्यात ब्रिटनचा संच उतरवून घ्या. आवाज ऐकून ते नाव सांगते. पण स्टारलिंग दुसऱ्यांच्या नकला करतो आणि तिथे ते फसते, म्हणून पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत नोंद नको. फोनवरून आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचे नाही. अंडी-पिल्ले सोडून तो भांडायला येतो. बिटर्न, हॉबी, खंड्या यांना घरट्यापाशी त्रास देणे तर इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

दुर्बीण तिथून घेऊ नका, इथे डोळ्याला लावून बघून घेऊ. बाबांसाठी ८×४२ आणि आईसाठी ८×३२. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घ्यायचा मोह होतो, पण हात जरा थरथरला की चित्रही तितकेच हलते आणि पक्षी शोधायला अवघड जातो. ४२ ची सातशे ग्रॅमच्या आसपास भरते, ३२ ची पाचशेच्या. मानेवर पट्टा नको, पाठीवरून येणारा घ्यायचा, म्हणजे मान दुखत नाही. चष्मा असेल तर डोळ्यांजवळची रबरी कडी फिरवून पूर्ण आत करायची, नाहीतर चित्र नळीतून पाहिल्यासारखे लहान दिसते. मग डोळ्यांचा फरक एकदाच बसवून घ्यायचा: उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दूरची एखादी पाटी स्पष्ट करायची, मग डावे झाकून, मधले चाक न हलवता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवायची. आणि मुख्य गोष्ट, पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून काढायची नाही, दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. मान खाली घालून दुर्बीण शोधली की पक्षी गेलाच.

कपडे: मेमध्ये दुपारी पंधरा-सतरा अंश, पहाटे पाच-सहा. एक जाड स्वेटर आणण्यापेक्षा दोन-तीन पातळ आणा. छत्री नको, पक्षी बिचकतात आणि दुर्बीण धरता येत नाही. पावसाळी जाकीट मी इथे घेते, सळसळणारे नको म्हणून. पँट मोज्यांत खोचायची. गवतात गोचीड असते, तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी बघायचे आणि चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, चुना काही लावायचे नाही. वाटेच्या कडेला नेटल नावाचे झाड असते, खाजकुयलीसारखे चटकन लागते, पण तासाभरात उतरते.

आई, आता तुझ्यासाठी. मागच्या अंगणात मी कारळे टांगते. हो, आपल्या चटणीचेच कारळे, इथे त्याला नायजर म्हणतात आणि गोल्डफिंचसाठी पोत्याने विकतात. लाल तोंडाचा, पंखावर पिवळी पट्टी असलेला हा पक्षी बारीक चोचीने एकेक दाणा काढतो. दाणा इतका लहान की साध्या भांड्यातून गळून जातो, त्यासाठी अगदी बारीक चिरांची नळी मिळते. कारळे जुने झाले, तेल सुकले की गोल्डफिंच त्याला तोंड लावत नाहीत आणि नळी भरलेलीच दिसते. तसे झाले तर ओतून टाकायचे आणि ताजे भरायचे.

पोळीचे तुकडे, शेव, फरसाण बाहेर ठेवायचे नाही, मीठ पाखरांना सोसत नाही. सुके किसलेले खोबरेही नको, पोटात फुगते. बिनमिठाचा भात थोडा चालेल. शेंगदाणे खारवलेले नकोत, आणि जाळीच्या भांड्यातच ठेवायचे, कारण मेमध्ये घरट्यात पिल्ले असतात आणि अख्खा दाणा त्यांच्या घशात अडकतो. भांडी दर आठवड्याला गरम साबणाच्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवूनच भरायची. २००५ पासून इथे फिंच पक्ष्यांत घशाचा एक रोग आहे, लाळेतून एकमेकांना लागणारा, त्याने हिरव्या फिंचची फार हानी झाली. पिसे फुगवून, चोचीभोवती ओले कण लागलेले, सुस्त बसलेले पाखरू दिसले की दाणे निदान दोन आठवडे बंद. वाईट वाटते, पण एका भांड्यावर जमवले तर आजार पसरतो.

भिंतीवरच्या लाकडी पेटीत ब्लू टिट येतात. तिचे भोक २५ मिमीचे, २८ केले की ग्रेट टिट येतात आणि ३२ ला चिमण्या. तुम्ही याल तेव्हा आत पिल्ले असतील. एका पिल्लाला दिवसाला शंभरपर्यंत अळ्या लागतात आणि पिल्ले आठ-दहा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती ये-जा दिसते, तुझी खुर्ची तिथेच ठेवणार आहे.

बाबा, चष्म्याचा नंबर आणि दोघांच्या बुबुळांमधले अंतर डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पाठवा. ५६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर काही दुर्बिणी तेवढ्या मिटत नाहीत, ते मला आधी कळायला हवे.

तुमची,
मीनू