विषय : 'मूळ आकारात' म्हणून विकलेल्या जुन्या मराठी चित्रपटांच्या ब्ल्यू-रे संचात कापलेलं चित्र

प्रति,
होम व्हिडिओ विभागप्रमुख आणि ग्राहक सेवा विभागप्रमुख

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने माझं बोलणं चालू असताना फोन ठेवला आणि लगेच मोबाइलवर मेसेज आला : 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कृपया आमच्या सेवेला गुण द्या.' तक्रार निकाली निघालेली नाही. यापुढे मी फोन करणार नाही. जे सांगायचं ते या पत्रात लेखी सांगते आहे, म्हणजे पुढे कोणी 'आमच्याकडे नोंद नाही' म्हणायला नको.

संच तुम्हीच काढला आहे, त्यामुळे त्यात काय आहे हे मी समजावून सांगायची गरज नाही. पाच कृष्णधवल चित्रपट, पाच डिस्क, सोबत पुस्तिका, किंमत ₹4,500. मी आगाऊ नोंदणी करून घेतला. बॉक्सच्या मागे तुम्ही ठळक अक्षरांत छापलं आहे : 'मूळ आकारात 1.37:1, नव्याने स्कॅन केलेली प्रत'. हे चित्राच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण. डिस्कवर प्रत्यक्षात पाचही चित्रपट 1.78:1 मध्ये आहेत. म्हणजे जवळजवळ चौकोनी असलेलं चित्र आजच्या रुंद टीव्हीवर कडेपासून कडेपर्यंत भरावं म्हणून तुम्ही वरून आणि खालून छाटलं आहे. उंचीचा जवळजवळ पाव हिस्सा गेला.

पाव हिस्सा म्हणजे काय, ते दुसऱ्या डिस्कवर बघा. देवळातल्या प्रसंगात सून सासऱ्यांच्या पाया पडते. बाई वाकते, हात पुढे करते आणि हात चौकटीच्या बाहेर जातात. पाय दिसतच नाहीत. मग सासरे आशीर्वाद देतात, तर त्यांचं कपाळ वरून कापलेलं, गंधासकट. ज्याने तो कॅमेरा लावला त्याने पाय आणि कपाळ दोन्ही चौकटीत मावतील अशा अंतरावर लावला होता. ते अंतर त्याने विचार करून ठरवलं होतं. तुम्ही ते पुसून टाकलंत.

आणि पूर्ण चित्र तुमच्याकडे नाही असंही नाही. त्याच डिस्कवर 'आधी आणि नंतर' नावाचा पाच-सहा मिनिटांचा जोड-व्हिडिओ आहे. स्कॅन करण्याआधी प्रत किती खराब होती आणि नंतर किती स्वच्छ झाली, हे त्यात दाखवलं आहे. त्यात हाच देवळाचा प्रसंग आहे, पूर्ण चौकटीत! पाय दिसतात, कपाळ दिसतं, मागच्या समईची ज्योतसुद्धा दिसते. म्हणजे पूर्ण चित्र तुमच्या हातात होतं, ते तुम्ही नीट साफ केलंत, त्याची जाहिरातही केलीत, आणि गिऱ्हाइकाला देताना मात्र कापून दिलंत. ही चूक नजरेतून सुटली असेल, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. तिसऱ्या चित्रपटाची लांबी कव्हरवर 130 मिनिटं छापली आहे. प्लेअरवर ती 124 मिनिटं 48 सेकंद येते. एकही प्रसंग गाळलेला नाही, मी माझ्याकडच्या जुन्या व्हीसीडीशी ताडून पाहिलं. हिशेब सरळ आहे. सेकंदाला 24 फ्रेमचा सिनेमा तुम्ही 25 फ्रेमने पळवला आहे. टीव्ही चॅनलसाठी 25 फ्रेमने बनवलेली प्रत उचलून तशीच डिस्कवर उतरवली, याहून वेगळं काही झालं असेल असं मला वाटत नाही. ब्ल्यू-रेवर 24 फ्रेम व्यवस्थित बसतात. त्यासाठीच तर आम्ही अजून डिस्क घेतो.

पाच मिनिटांनी काय बिघडतं, असं तुमच्यापैकी कोणाला वाटत असेल, तर त्याने या चित्रपटातली गाणी ऐकावीत. माझ्या घरी पेटी आहे. त्यातलं नायिकेचं गाणं माझ्याकडच्या ऑडिओ सीडीवर बरोबर काळी एकमध्ये आहे. तुमच्या डिस्कवर ते काळी एकच्या पुढे आणि पांढरी दोनच्या अलीकडे, दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लागतं. पेटीवर तो सूरच नाही. गाणारीचा आवाज पातळ झाला आहे, तबला घाईत वाजल्यासारखा वाटतो. ज्या बाईने ते गाणं रेकॉर्डिंगला उभं राहून गायलं, तिचा आवाज हा नाही. जुन्या मराठी सिनेमाचा निम्मा जीव त्याच्या गाण्यांत आहे, हे मराठी सिनेमे विकणाऱ्या कंपनीला कोणी सांगायला लागू नये.

आता तुमच्या ग्राहक सेवेबद्दल. पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. चित्र कापलेलं आहे, खोका फाटलेला नाही, हे सांगूनही व्हिडिओच मागितला. मग बदली संच आला. त्यातही तेच, कारण साच्यातच दोष असेल तर शंभर संच बदलून दिले तरी तेच निघणार. हे मी मेलमध्ये लिहिलं. उत्तर आलं : 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपला संच बदलून दिलेला आहे.' त्याखाली कोणाचं नावही नव्हतं.

आणि मग आजचा फोन. तो इथे जसाच्या तसा लिहिते, कारण तुमच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग आहे. 'गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे' असं तुमचंच मशीन सुरुवातीला सांगतं. ते काढून ऐका.

मी म्हणाले, चित्र वर-खाली कापलेलं आहे.

"मॅडम, तुमचा टीव्ही झूमवर असेल."

टीव्ही झूमवर नाही. जुन्या चित्रपटांच्या बाकीच्या सगळ्या डिस्क याच टीव्हीवर, याच प्लेअरवर बरोबर चौकोनी दिसतात.

"मग प्लेअर जुना असेल."

प्लेअर जुना असल्याने डिस्कवरच्या माणसांची डोकी जात नाहीत.

"मॅडम, घरात कोणी जेंट्स आहेत का? सेटिंगचं काम आहे, त्यांना जरा फोन द्या ना."

मी एकटी राहते. प्लेअर, ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर, सगळं मी स्वतः जोडलं आहे. फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स मी केलेला आहे, आणि गेली कित्येक वर्षं जगभरातले सिनेमे डिस्कवर विकत घेते आहे. यातलं एकही वाक्य मला त्या मुलाला ऐकवावं लागायला नको होतं. मी फक्त एवढंच म्हणाले, की तुमच्या वरिष्ठांना विचारा. त्याने मला गाणं ऐकवत ताटकळत ठेवलं. परत आला आणि म्हणाला :

"सिनियर म्हणाले की पिक्चर फुल स्क्रीन केलाय, ते फीचर आहे. कस्टमरना बाजूच्या काळ्या पट्ट्या आवडत नाहीत."

मग बॉक्सवर 1.37:1 का छापलं?

"ते टेक्निकल असतं मॅडम."

माणसांची डोकी कापली गेली आहेत.

"थोडं डोकं कापलं तरी स्टोरी समजते ना? आणि जुना पिक्चर आहे मॅडम, यूट्यूबवर फ्रीमध्ये असेल. तिथे बघा ना."

यावर मी बोलायला लागले आणि त्याने फोन ठेवला.

मला त्या मुलावर राग काढायचा नाही. त्याच्यापुढे जो कागद ठेवला असेल तो त्याने वाचला. पण 'थोडं डोकं कापलं तरी स्टोरी समजते ना' हे वाक्य त्याला कोणीतरी शिकवलं आहे. निदान ते बोलण्यात काही गैर नाही असं वातावरण त्याच्या आजूबाजूला आहे. ₹4,500 घेऊन विकलेली वस्तू फुकट यूट्यूबवर बघा असं तुमचीच कंपनी सांगत असेल, तर तुम्ही या धंद्यात कशासाठी आहात? आणि घरातल्या पुरुषाकडे फोन द्या, हे तर मी विसरणार नाही. त्याची लेखी माफी मला हवी आहे. 'गैरसोयीबद्दल दिलगीर'वाली चालणार नाही, नेमक्या या वाक्याची हवी.

काळ्या पट्ट्यांबद्दलही एकदा स्पष्ट बोलते. जवळजवळ चौकोनी चित्र रुंद टीव्हीवर पूर्ण दाखवलं की दोन्ही बाजूंना त्या राहणारच. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या, म्हणजे अपूवरच्या तीन चित्रपटांच्या, मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या. त्यांतून जे वाचलं ते बोलोन्यातल्या प्रयोगशाळेत माणसांनी हाताने दुरुस्त केलं, जिथे काहीच वाचलं नव्हतं तिथे दुसऱ्या प्रती शोधून जोडल्या, आणि 2015 मध्ये ते चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. ती डिस्क माझ्याकडे आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आहेत आणि मधे चित्र पूर्ण आहे. आगीतून निघालेल्या रिळांची चौकट कोणी इंचभर कापली नाही. तुमच्याकडे तर जळलेलं काही नव्हतं. तुमच्याकडे चांगली प्रत होती.

आणि हे मी पुण्यातून लिहिते आहे. कोल्हापूरहून 'प्रभात' फिल्म कंपनी 1933 मध्ये इथे आली. तिचा 'संत तुकाराम' 1937 मध्ये व्हेनिसला गाजला. 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इथे आहे. आणि जानेवारी 2003 मध्ये जुन्या प्रभातच्याच आवारातल्या गोदामाला आग लागून चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मची रिळं जळाली, हेही याच गावाने पाहिलं. गेलेल्या गोष्टी परत येत नाहीत, हे इथल्या सिनेमावाल्यांना सांगावं लागत नाही. जुन्या मराठी चित्रपटांची अवस्था तुम्हीही जाणता. कित्येक नाहीतच. जे आहेत त्यांतले पुष्कळसे आमच्या पिढीने दोन सीडींच्या व्हीसीडीवर पाहिले. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, ऐन गाण्यात 'कृपया दुसरी सीडी लावा'. मोबाइलवरच्या ॲपवर एखादा सिनेमा आज असतो, हक्कांची मुदत संपली की उद्या नसतो. कपाटातली डिस्क तेवढी राहते. म्हणून ती बरोबर असावी लागते. तुमचा संच आल्यावर हे पाच चित्रपट दुसरं कोणी लवकर काढणार नाही, कारण हक्क तुमच्याकडे आहेत. म्हणजे पुढची अनेक वर्षं हे चित्रपट ज्याला बघायचे त्याला तुमच्या कापलेल्या चौकटीतच बघावे लागणार. माझ्या ₹4,500 पेक्षा याचं मला जास्त वाईट वाटतं. तुम्ही हा संच जाहीर केलात तेव्हा मी ओळखीच्या सगळ्यांना तो घ्यायला सांगितलं होतं. आता त्या प्रत्येकाला काय झालं ते सांगते आहे.

मला हवं आहे ते असं : पाचही चित्रपट 1.37:1 मध्ये, 24 फ्रेमच्या वेगाने, नव्या डिस्कवर. फक्त मला नकोत, ज्यांनी ज्यांनी संच घेतला त्या सगळ्यांना, विनामूल्य. ते होईपर्यंत बॉक्सवरचा 'मूळ आकारात' हा मजकूर झाकून विक्री करा किंवा विक्री थांबवा, कारण तो मजकूर खोटा आहे. हे करायचं नसेल तर माझे पूर्ण पैसे परत द्या आणि दोन्ही संच स्वतःच्या खर्चाने घेऊन जा. मी कुरिअरच्या दुकानात पार्सल घेऊन उभी राहणार नाही.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी जिथे राहते तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईला खेपा घालायची मला गरज नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल होते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दलची तरतूद याच कायद्यात आहे, ती तुमच्या वकिलांना विचारा. बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो, देवळाच्या प्रसंगाचे दोन्ही फोटो, एक चित्रपटातला आणि एक तुमच्याच 'आधी आणि नंतर'मधला, आणि प्लेअरवर दिसणारी 124 मिनिटं 48 सेकंद ही वेळ, असं सगळं सोबत जोडलं आहे. आयोगापुढेही हेच ठेवीन.

तुमच्या यापुढे येणाऱ्या नव्या संचाची नोंदणीही मी आगाऊ पैसे भरून केली होती. ती या पत्राने रद्द करते आहे. ते पैसे सात दिवसांत माझ्या खात्यावर जमा करा.

संचाची एक ग्राहक, पुणे

ता. क. : पत्र लिहून होईपर्यंत गुण मागणारा मेसेज पुन्हा आला. गुण देणार नाही. तक्रार उघडी आहे अशी नोंद करा आणि तिचा क्रमांक मला लेखी कळवा.