‘शिफ्ट माझी होती’ म्हणणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

शि. सा. नमस्कार.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी चार शब्द बोलायला मला उभं केलं आणि माझा गळा दाटून आला. तेव्हा राहून गेलेलं आता लिहितोय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण भोसरी, चाकण, शिरोली, अंबड, कुठल्याही शेडमध्ये रात्री एकटं मशीनपुढे उभं राहणाऱ्या पोरांपर्यंत तुमची गोष्ट पोचावी असं मनापासून वाटतं.

तिसरी पाळी होती. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनवर, येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. जॉबचा, म्हणजे मशीनवर घडवायच्या भागाचा, बोअर (आतलं गोल भोक) 25 एच 7 मापाचा, म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर. खेळायला जागा फक्त 21 मायक्रॉन, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. पहाटे मी इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) बदलला, ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेची दुरुस्ती, भरताना 0.02 च्या जागी 0.05 भरलं आणि पहिला जॉब गेज न करताच, म्हणजे माप न तपासताच, सायकल स्टार्ट दाबत राहिलो. तुम्ही फेरीवर आलात, ट्रेमधला एक जॉब उचललात आणि प्लग गेजची नो-गो बाजू लावलीत. माप बरोबर असेल तर ती बाजू बोअरमध्ये जात नाही. ती सर्रकन आत गेली. माझ्या पोटात गोळा आला. बोअर लहान राहिला तर पुन्हा मारता येतो. मोठा झाला की जॉब गेलाच.

तुम्ही एवढंच म्हणालात, “मशीन थांबव. आधी सगळे मोजू.” तुम्ही माझ्याबरोबर खाली बसलात. इन्सर्ट बदलायच्या आधीचे जॉबसुद्धा एकेक करून पुन्हा गेज केले, म्हणजे चुकून एकही पुढे जायला नको. 46 जॉब बाद मालाच्या लाल बिनमध्ये गेले.

सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरांनी विचारलं, “कोणी केलं हे?” मी सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून उभा. तुम्ही म्हणालात, “शिफ्ट माझी होती. इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब बघायचं माझ्याकडून राहिलं.” माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत. मामा, तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलं असतं ना, तर मी शंभर कारणं दिली असती. गेज जुना आहे, लाइट कमी होता, झोप झाली नव्हती. पण तुम्ही स्वतःवर घेतलंत आणि माझा हात आपोआप वर गेला. “साहेब, ऑफसेट मी चुकीचा भरला.” आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत चूक कबूल केली.

नंतर चहाच्या टपरीवर तुम्ही ‘का?’ विचारत बसलात. ऑफसेट का चुकला? गेज का नाही केलं? घाई कशाची होती? माझे वडील इचलकरंजीत माग चालवायचे हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तुम्ही जपानच्या साकिची टोयोडांचं सांगितलंत. त्यांच्या 1924 च्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, खराब कापड विणलंच जायचं नाही. मला ते लगेच पटलं. तुटल्या धाग्यावर माग चालत राहिला तर पुढच्या कापडाचं काय होतं, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

पाळी संपूनही तुम्ही घरी गेला नाहीत. मशीनच्या पॅनलवर तुमच्या अक्षरातला कागद चिकटवलात: ‘इन्सर्ट बदलला? पहिला जॉब गेज कर, मगच दुसरा लाव.’ मला वाटलं होतं, आता आपल्याला डिबरिंगच्या, म्हणजे जॉबच्या कडा घासायच्या, टेबलावर बसवणार. रात्री आलो तर तीच मशीन माझ्या नावावर होती आणि प्लग गेज पुसून माझ्या ट्रेशेजारी ठेवलेला. कामाच्या ठिकाणी ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणारे मला खूप भेटले, तसे बोर्डही भिंतीवर पाहिले. माझा धीर परत आणला तो त्या पुसून ठेवलेल्या गेजनं.

आता लाइन माझ्याकडे आहे. परवा रात्री एक नवा मुलगा धापा टाकत आला. “सर, माझ्याकडून चुकलं, दोन जॉब गेले, मशीन थांबवलीय.” फक्त दोन, मामा! आम्ही बसून ते दोन्ही मोजले. सकाळी मीटिंगमध्ये विचारणा झाली तेव्हा मी म्हणालो, “शिफ्ट माझी होती.” मागून त्या पोराचा हात वर आला.

तुमचे उपकार मानतो, मामा. मामींना नमस्कार सांगा. पुढच्या साप्ताहिक सुट्टीला त्या पोराला घेऊन घरी येतोय.

तुमचाच,
तिसऱ्या पाळीतला ऑपरेटर