अडाणी आईच्या माथी खापर कशाला?

संपादक महोदय,

बालकांचे लसीकरण कमी भरले की 'पालकांचे अज्ञान' हे कारण हमखास पुढे येते. आई शिकलेली असली की मुलाच्या लसी पूर्ण होण्याचे प्रमाण वाढते, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत दिसतेच; त्याबद्दल वाद नाही. पण त्याच सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले (२०१९-२१) राज्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर, ओडिशाची ७३ च्या आसपास. पूर्ण लसीकरण मात्र ओडिशात ९० टक्के आणि आपल्याकडे ७३-७४, म्हणजे देशाच्या ७६ टक्के सरासरीच्याही खाली! त्या जनगणनेत साक्षरतेत सर्वांच्या पुढे असलेले केरळही ७८ च्या घरातच अडकले होते, आणि २०१६ मध्ये तिथल्या मलप्पुरममध्ये लसीने टाळता येणाऱ्या घटसर्पाने मुले दगावली.

शिकलेली आई कार्डावरची तारीख स्वतः वाचते, डोस चुकला तर नर्सबाईंना विचारायला कचरत नाही. शिक्षणाचा फायदा बहुधा एवढाच. लस नको म्हणणे ही काही निरक्षरांची मक्तेदारी नव्हे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लसविरोधी अफवा वाचायलाही अक्षरओळख लागतेच की!

आमच्या बीड जिल्ह्याचे पाहा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेले मूल नेमके त्या वेळी उसाच्या फडावर असते. गावच्या आशाताईच्या यादीत त्याचे नाव आहे, पण मूल नाही. कारखान्याच्या तळावर मूल आहे, पण तिथल्या उपकेंद्राच्या यादीत नाव नाही. आई पहाटे कोयता घेऊन निघते, अंधार पडल्यावर तळावरच्या कोपीवर (झोपडीवर) येते. लसीकरण सत्र असते दिवसा. ती दहावी पास असती तरी काय करणार होती?

कोविडच्या वेळी, मे २०२१ मध्ये, १८ ते ४४ वयोगटाला कोविन या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची होती. शहरातली मंडळी खेड्यातल्या केंद्रांवरचे स्लॉट पटकावून गाड्या काढून येत होती आणि गावची माणसे दाराबाहेर ताटकळत होती. त्यांचा लसीला विरोध होता, असे कोण म्हणेल?

आता यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसनोंदणीमुळे मुलाची नोंद गावाला बांधलेली राहिलेली नाही, डोस कुठेही देता येतो. तेव्हा हंगामात कारखान्यांच्या तळांवर संध्याकाळची सत्रे ठेवावीत. मुकादमाकडे टोळीतल्या प्रत्येक कोयत्याचा (ऊसतोडीच्या जोडप्याचा) हिशेब असतोच. त्यात पाच वर्षांखालच्या मुलांचा एक रकाना वाढवून ती यादी टोळी पोचल्याच्या आठवड्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यायला नवा जीआर लागेल काय?

– एक निवृत्त शिक्षिका, जि. बीड